दातांचा रंग बघायचा दिवा

डबी परत आली तेव्हा मी प्लास्टर कालवत होतो. काडेपेटीहून जरा मोठी, पांढरी, प्लॅस्टिकची डबी. अशा डब्या माझ्या घरातून दवाखान्यांत जातात. तिकडून आल्याच तर रिकाम्या येतात. ही कुरियरवाल्याच्या हातातून घेतली आणि आत काहीतरी खुळखुळलं. म्हणजे दात परत आला होता. दार लावायचं राहिलं, सही करायची राहिली, कुरियरवाला दोनदा 'काका, पेन' म्हणाला तेव्हा मी भानावर आलो. आत येऊन बघतो तर भांड्यातलं प्लास्टर घट्ट होऊन बसलेलं. बत्तीस वर्षांत मी प्लास्टर असं वाया जाऊ दिल्याचं मला आठवत नाही.

मी दात करतो. डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, मी चिनीमातीच्या भुकटीतून दात घडवतो, भट्टीत भाजतो, रंग चढवतो, पुन्हा भाजतो. लोक त्याला कॅप म्हणतात. मागची दाढ कुणीही करील, ती अंधारातच राहायची असते. पुढचा दात मात्र शेजाऱ्यात असा मिसळून गेला पाहिजे की खुद्द पेशंटला आरशात तो क्षणभर शोधावा लागावा. त्यासाठी माझ्याकडे सोळा नमुन्यांची पट्टी आहे, ए-वन, ए-टू, ए-थ्री अशी नावं असलेल्या खोट्या दातांची. पण पट्टी सगळ्यांकडेच असते. माझ्याकडे डोळा होता. पुढच्या दातासाठी मी स्वतः दवाखान्यात जायचो, पेशंटला खिडकीशी बसवायचो आणि पाच सेकंदांत रंग सांगायचो. पाच सेकंदांहून जास्त पाहत राहिलं की डोळा थकतो आणि जे समोर आहे त्याच्याशीच तडजोड करायला लागतो. हे मला ज्यांनी काम शिकवलं त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि मी ते नंतर कित्येकांना ऐटीत सांगत आलो.

डबीत कापसाशेजारी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी होती. माझ्या मुलीच्या वयाची आहे ती, मला काका म्हणते. 'काका, रागावू नका, पण रंग जुळत नाहीये. दोन पायऱ्या पिवळा वाटतोय. पेशंट रिसेप्शनिस्ट आहे, सोमवारी परत बोलावलंय. बघाल ना?' मी दात खिडकीशी नेला. पट्टीवरच्या ए-टूला लावून पाहिला. सख्खे भाऊ दिसत होते दोघं. पुन्हा पाहिला, चष्मा पुसून पाहिला, चष्मा काढून पाहिला. सख्खे भाऊ. महिन्यातली ही दुसरी डबी. पहिल्या वेळी मी डॉक्टरीणबाईंनी मोबाइलवर पाठवलेल्या फोटोला दोष दिला होता आणि तिनंही, मोठ्या माणसाशी कोण वाद घालणार म्हणून, तो मान्य केला होता.

मला भीती वाटली. नुसती काळजी नाही. काळजी मला रोज असते, भट्टीची, हाताच्या कंपाची, वीज जाण्याची. ही वेगळी होती, मानेच्या मागून येणारी. डोळे अधू झाले तर मी करायचं काय हा प्रश्न तिच्यात होताच, मला दुसरं काही म्हणजे काहीच येत नाही. पण त्याच्याखाली आणखी एक गोष्ट होती आणि ती मला चांगली ओळखीची होती.

माझे वडील बस चालवायचे. वर्षातून एकदा त्यांच्या डोळ्यांची तपासणी असायची. मी नऊ वर्षांचा असताना एका संध्याकाळी त्यांनी खिशातून एक कागद काढला. तपासणीच्या खोलीतला अक्षरांचा तक्ता त्यांनी त्यावर उतरवून आणला होता, कुणाकडून उतरवून घेतला होता की स्वतः जवळ जाऊन, ते मी कधी विचारलं नाही. मी कागद धरायचा आणि विचारायचं, चौथी ओळ? ते भिंतीकडे बघत धडाधड म्हणायचे. सहावी, उलटीकडून? तीही म्हणायचे. चुकले की मी टाळी वाजवायचो. मला तो आमच्या दोघांचा खेळ वाटायचा, आणि आईला सांगायचं नाही ही अट असल्यामुळे तर फारच आवडायचा. दोन वर्षं ते पास झाले. तिसऱ्या वर्षी भर दुपारी, लख्ख उन्हात, त्यांची बस फुटपाथवर चढली आणि एका माणसाचा पाय गुडघ्यापासून गेला. 'समोर कोणी नव्हतं,' असं ते पोलिसांना म्हणाले, साहेबांना म्हणाले, आईला म्हणाले आणि पुढे अकरा वर्षं खुर्चीत बसून स्वतःशी म्हणत राहिले. मोठा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या दृष्टीनं समोर खरंच कोणी नव्हतं. मला या वाक्याची जितकी भीती वाटते तितकी दुसऱ्या कशाचीही वाटत नाही.

तर शनिवारी मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला हवं होतं. मी दिव्यांच्या दुकानात गेलो. रात्रभर विचार करून मी दोष शोधून काढला होता: माझ्या कामाच्या खोलीतली ट्यूब. जुनी झाली आहे, कडा काळ्या पडल्या आहेत, तिच्या उजेडात रंग काय दिसणार, कपाळ. हे सुचलं तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की मी उठून दोन पेले पाणी प्यालो. दुकानात जाताना रस्त्याभर मी लोकांची तोंडं बघत होतो. सिग्नलला हसणारी एक बाई, फोनवर भांडणारा एक माणूस, जांभई देणारा पहारेकरी. यातले माझे दात किती? वर्षाला तीनेकशे दात जातात माझ्या हातून. ते सगळे या शहरात कुणाकुणाच्या तोंडात बसून बोलत होते, चावत होते, फोटो काढून घेत होते. मी मान खाली घातली आणि फरशा बघत चालायला लागलो.

मी एलईडीची पट्टी मागितली तेव्हा दुकानदारानं विचारलं, "घरी लावायचीय की शोकेसला?"

"कामाला."

"मग तयार पॅनेल घ्या ना सरळ. कशाला एवढे उपद्व्याप?"

त्याला काय सांगणार? तयार दिवा आणला आणि तरीही रंग चुकला, तर पुढे बोल कुणाला लावायचा? आपण केलेल्या दिव्यात दुरुस्तीला जागा असते. मी म्हटलं, मापात बसत नाही. त्यानं एलईडीच्या दोन पट्ट्यांची रिळं दिली, एक पिवळसर उजेडाची, एक निळसर पांढऱ्या उजेडाची. त्यांच्यासाठी ॲल्युमिनियमची चपटी पन्हळ, वरून सरकवायचं दुधी झाकण, एक अडॅप्टर, आणि उजेड कमीजास्त करायची दोन बटणं. दोन्ही उजेड मला हवे तसे मिसळता येणार होते. म्हणजे स्वच्छ दुपारचा, ढगाआडचा, हवा तो दिवस मी टेबलावर करू शकणार होतो. पिशवी काखोटीला मारून मी पोरासारखा जिने चढलो.

रविवारी जेवण झाल्यावर कामाला लागलो, आणि खरं सांगतो, तीन तास मी सुखात होतो. पन्हळ करवतीनं टेबलाच्या मापात कापली, कडा कानशीनं घासल्या. पट्टीवर दर तीन दिव्यांनंतर तांब्याची एक खूण असते, तिथेच कात्री लावायची. इकडेतिकडे झाली की तेवढा तुकडा मेला. मी खुणेवर, अगदी खुणेवर कापलं. मागचा कागद सोलून दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी चिकटवल्या. मुगाच्या दाण्याएवढ्या तांब्यावर तारा सोल्डरनं डाखल्या. चार थेंब, चारही गोल, चकचकीत. हात शाबूत होता. ते चार थेंब मी पुन्हापुन्हा पाहिले. असा हात असलेल्या माणसाच्या डोळ्यांना काय होणार आहे, असं मी चक्क मोठ्यानं म्हणालो. मग अडॅप्टर लावला, आणि दिवा लागला नाही. मी आधी काय केलं असेल तर चष्मा काढून पुसला. तार उलटी लागली होती, तांबडीच्या जागी काळी, एवढंच. पण दिवा लागत नाही म्हणून चष्मा पुसणाऱ्या माणसाचं मला हसू आलं ते अर्ध्यावरच थांबलं.

तार बदलली, दिवा लागला, झाकण सरकवून पन्हळ टेबलावर टांगली. आता रंग बसवायचा. दोन्ही बटणांभोवती आकडे होते, शून्यापासून दहापर्यंत. ते मी चिकटपट्टी लावून झाकून टाकले. ही आमच्या धंद्यातली जुनी शिस्त आहे: आकडा दिसला की डोळा आकड्याच्या मागे जातो. डोळ्यानं ठरवायचं, आकडा नंतर बघायचा. मी शिस्तीचा माणूस आहे. पण ठरवायचं कशावरून? पट्टीवरचे नमुने कोरडे, मेलेले. खरा दात ओला असतो, त्यात आतून उजेड खेळतो. मला जिवंत तोंड हवं होतं, आणि त्यात एक असा खोटा दात हवा होता की ज्याच्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. ज्या उजेडात तो दात शेजाऱ्यात मिसळून जाईल तो उजेड बरोबर. तसा दात शेजारच्या खोलीत होता. बायको जिन्यावरून पडली तेव्हा तिचा वरचा पुढचा दात अर्ध्यात तुटला होता. त्याची कॅप मी केली, चार भाजण्या देऊन, तिच्या खऱ्या दातावरची केसाएवढी पांढरी रेघसुद्धा त्यात उतरवून. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. मी तिला हाक मारली.

"आता काय, मला भिंतीवर टांगणार नमुना म्हणून?" ती पदराला हात पुसत आली.

"बस इथे. तोंड उघड. अर्धा तास."

"अर्धा तास गप्प बसवायला दिवा करावा लागला होय," ती म्हणाली आणि बसली. तिला डबीचं माहीत नव्हतं. म्हणजे मी सांगितलेलं नव्हतं.

पडदे ओढून घेतले, दिवा लावला, आणि मी दचकलो. कॅप वेगळी दिसत होती. शेजारच्या दातापाशी ती परक्या घरात येऊन बसल्यासारखी, पिवळट, जाड दिसत होती. माझी पाचावर धारण बसली. पण क्षणभरच, कारण लगेच मला कळलं की दिवा अजून बसवायचाय. दिवा चुकतोय. असं का होईना, चूक दिसली याचंच मला बरं वाटलं. मी बटण जरा फिरवलं. "मीट. ओठ ओले कर. उघड." पुन्हा बघितलं, पाच सेकंद. दुसरं बटण जरा फिरवलं. "मीट. उघड." ती निमूट मिटत होती, उघडत होती. तिच्या डोळ्यांकडे मी पाहिलं नाही, मला दोन दातांपलीकडे काही बघायचं नव्हतं. अर्ध्या तासाचा तास झाला. जराजरासं फिरवत, पुन्हापुन्हा बघत, हळूहळू ती कॅप मवाळ झाली, शेजाऱ्याला टेकली, आणि एका क्षणी दोन दातांतला फरक नाहीसाच झाला. मी बटणावरून हात काढला.

"जमलं," मी म्हणालो. "दोन्ही सारखे. अगदी सारखे."

"हो का," ती म्हणाली. तिनं जबडा चोळला आणि तिथेच खुर्चीत बसून राहिली.

मी घाईघाईनं डबीतला दात काढला, नव्या उजेडात ए-टूशेजारी धरला. जुळत होता. म्हणजे दातात चूक नव्हती आणि माझ्यातही नव्हती. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातले दिवेच तसले, त्या भगभगीत उजेडात कुणाचं काय जुळणार? हाच दात, जसाच्या तसा, उद्या परत पाठवायचा. मी चिठ्ठी लिहायला घेतली. 'रंग बरोबर आहे' एवढं लिहिलं. त्या वेळी मला वडिलांची आठवण झाली नाही, हे मी इथे कबूल करतो.

तेवढ्यात लॅचचा आवाज झाला. मुलगी रविवारी संध्याकाळी येते, सरळ माझ्या खोलीत डोकावते. दार उघडून ती उंबऱ्यातच थांबली.

"बाबा, हे काय रे? केवढं पिवळं! एखाद्या जुन्या लॉजमध्ये आल्यासारखं वाटतंय."

"काय पिवळं?"

"सगळंच. आई, तुला कावीळ झालीय असं वाटतंय. इथे बसून काम करणार आहेस तू? रंगाचं?"

मी वर पाहिलं. झाकणामागे उजेड पांढरा होता. मी हाताची पाठ बघितली, भिंत बघितली, चिठ्ठीचा कागद बघितला. पांढरा कागद, पांढरा उजेड, स्वच्छ दुपार. मुलगी थट्टा करतेय का ते बघायला मी तिच्याकडे पाहिलं, आणि तिचं हसू मावळत होतं. ती माझा चेहरा बघत होती. मी नखानं चिकटपट्टी उकरली. पहिली निघेना, नख लागेना. दुसरी निघाली. निळसर पट्टीचं बटण शून्यावर होतं. मग पहिली निघाली. पिवळ्या पट्टीचं बटण दहावर.

पिवळ्या उजेडात पिवळा दिसत नाही. पिवळ्या बल्बखाली दाताचा रंग कधी ठरवायचा नाही, हे आमच्या कामातलं मुळाक्षर आहे, भट्टी चालू करायच्याही आधी शिकवतात. आणि मी तासभर बसून, शिस्तीनं, आकडे झाकून, स्वतःसाठी असा दिवा तयार केला होता ज्याच्यात माझी चूक दिसणार नाही. सुरुवातीचा उजेड बरोबर होता. दचकलो होतो तेव्हा मला खरं दिसलं होतं. ते मी माझ्या या दोन हातांनी बंद करत गेलो, आणि बंद झाल्यावर जमलं म्हणालो.

मी निळसर बटण वर नेलं, पिवळं खाली आणलं. खोली थंड, कडक दिसायला लागली. "उघड," मी बायकोला म्हणालो.

"राहू दे ना आता. चहा टाकते."

"उघड."

तिनं मुलीकडे पाहिलं, मग तोंड उघडलं. पिवळा होता. दोन नाही, तीन पायऱ्या पिवळा. आणि त्याच्यावर ती केसाएवढी पांढरी रेघ, मी मोठ्या कौतुकानं काढलेली, रस्त्यावरच्या पट्ट्यासारखी उठून दिसत होती.

"हा कधीपासून असा आहे?"

"बसवला तेव्हापासून."

"आणि तू बोलली नाहीस."

"तुम्ही आरसा धरून उभे होता," ती म्हणाली. "हात कापत होता तुमचा. मला वाटलं, यांना दिसतोय. दिसतोय आणि बोलवत नाहीये. मग मी कशाला बोलू? म्हटलं, बोलतील तेव्हा बोलतील." मग म्हणाली, "नंतर सवय झाली. फोटोत तोंड मिटून घेते."

मुलगी म्हणाली, "बाबा, मोतीबिंदू असेल नुसता. आजकाल अर्ध्या तासात होतं ऑपरेशन, माणूस चालत घरी येतो. उद्याच जाऊ." ती बरोबर बोलत होती. तिचा आवाज शहाण्या माणसाचा होता. पण मला जे ऐकू येत होतं ते ऑपरेशनचं नव्हतं. वर्षाला तीनशे. त्यातले पुढचे किती? खिडकीशी बसवून, हनुवटी वर धरून, पाच सेकंदांत मी ज्यांना रंग सांगितला ती सगळी माणसं आत्ता कुठे असतील? आरशासमोर उभी राहून त्यांनी काय केलं असेल? छान झालाय म्हणाली असतील. बरीचशी म्हणाली होती. आणि मग घरी जाऊन फोटोत तोंड मिटायला शिकली असतील. चिठ्ठी टेबलावर होती. 'रंग बरोबर आहे.' अजून पाठवली नव्हती. कोणी पाहिलीही नव्हती. मोतीबिंदूचं ऑपरेशन गुपचूप करून घेता आलं असतं, नवा दात नव्या डोळ्यांनी करता आला असता, जुने होते तिथे राहिले असते. हे सगळं मला एका दमात सुचलं, तयार, कडा घासलेलं, आणि ते इतकं सहज सुचलं म्हणून मी आणखीच घाबरलो.

मी चिठ्ठी फाडली आणि फोन घेतला. पहिल्यांदा चुकीचं नाव दाबलं. मुलीनं हात पुढे केला तो मी बाजूला सारला. डॉक्टरीणबाईंच्या घरी टीव्ही चालू होता.

"बोला काका. झाला का दात?"

मला वाटलं होतं आधी हवापाण्याचं बोलावं, मग हळूच विषय काढावा. "डॉक्टर," मी म्हणालो, "मला रंग दिसत नाही."

टीव्हीचा आवाज बंद झाला. ती म्हणाली, "केव्हापासून?"

मी बायकोकडे पाहिलं. तिनं खुर्चीतूनच चार बोटं वर धरली.

"चार वर्षं तरी," मी म्हणालो. "पुढचे दात. तुमच्याकडचे, इतरांकडचेही. सगळे परत बघावे लागतील."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. पलीकडून खण उघडल्याचा, कागद ओढल्याचा आवाज आला.

"थांबा काका, मी नावं लिहून घेते," ती म्हणाली. "पहिलं कुणाचं?"

मी तिला माझ्या बायकोचं नाव सांगितलं.